स्पॅनिश घरातील परदेशी विद्यार्थी



परदेशी शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विद्यापीठाच्या इमारती, ग्रंथालये आणि पदवीदान समारंभ उभे राहतात. मुलगा कोणाच्या घरी राहतो, काय जेवतो, थंडीत अंगावर काय घेतो, ही चौकशी बहुधा त्याची आईच करते. आज मी आईच्या चौकशीचाच विषय घेतला आहे. त्यामागे एक प्रश्न आहे, आणि तो दिसतो तितका किरकोळ नाही. पैसे मोजून घेतलेल्या घरात घरपण सापडते काय?

उदाहरणासाठी आपण स्पेनमधील सालामांका हे गाव घेऊ. येथील विद्यापीठ इ. स. १२१८ मध्ये स्थापन झाले. स्पॅनिश भाषेचे पहिले व्याकरण १४९२ साली लिहिणारा नेब्रिखा येथेच शिकवीत असे. स्पॅनिश शिकायला जगभरची मुले येथे येतात, आणि १९८७ मध्ये युरोपात एरास्मुस योजना सुरू झाल्यापासून शेजारच्या देशांतूनही येतात. यांतील पुष्कळजण वसतिगृहात न राहता एखाद्या कुटुंबात राहतात. कुटुंब म्हणजे बहुधा तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे एक बिऱ्हाड. मुले मोठी होऊन माद्रिदला नोकरीला गेलेली, नवरा निवृत्त झालेला किंवा निवर्तलेला, आणि एक खोली रिकामी. शिक्षणसंस्था दिवसाच्या हिशेबाने पैसे ठरवून देते आणि त्या खोलीत विद्यार्थी येतो.

त्याला पहिला धक्का बसतो तो घड्याळाचा. सकाळी दूध घातलेली कॉफी आणि भाजलेला पाव किंवा चार बिस्किटे, एवढ्यावर न्याहारी आटोपते. मुख्य जेवण दुपारी दोन-अडीचला आणि रात्रीचे नऊ-दहाला. आपला विद्यार्थी एक वाजताच भुकेने व्याकूळ होतो आणि मनात म्हणतो, काय ही आळशी माणसे! पण आळसाचा येथे संबंध नाही. स्पेन हा भूगोलाने लंडनच्या रेषेतला देश, पण १९४० साली फ्रांकोच्या राजवटीत तेथील घड्याळे एक तास पुढे नेऊन बर्लिनच्या वेळेला जोडली गेली आणि ती पुन्हा मागे आली नाहीत. उन्हाळ्यात आणखी एका तासाची भर पडते. त्यामुळे जून महिन्यात सालामांकात सूर्य माथ्यावर येतो तोच मुळी दुपारी सव्वादोनच्या पुढे. बाई दोन वाजता ताट वाढते, तेव्हा सूर्याच्या हिशेबाने ती अगदी वेळेवर असते! दुसऱ्याच्या घराला नावे ठेवण्यापूर्वी त्याचे घड्याळ समजून घ्यावे, हा पहिला धडा वर्गाबाहेर मिळतो.

दुसरा धडा पायांचा. आपण जोडे दाराबाहेर काढतो आणि घरात अनवाणी वावरतो, आणि त्याला स्वच्छता म्हणतो. तेथे अनवाणी पाय लादीवर पडला की घरची बाई धावत येते आणि सपाता पुढे करते, कारण तिच्या मते सगळ्या पडशाखोकल्याचे मूळ तळपायात असते. आंघोळीचे पाणी पुष्कळ घरांत नारिंगी रंगाच्या गॅसच्या नळकांड्यावर तापते. ते नळकांडे पाठीवरून जिन्याने वर आणावे लागते, हे ज्याने पाहिले तो पाण्याखाली फार वेळ उभा राहत नाही. ज्यांनी लहानपणी बंबाचे पाणी पुरवून पुरवून वापरले, त्यांना हे सांगायला नको. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचा. उन्हाच्या वेळी खिडक्यांच्या गुंडाळत्या झडपा खाली ओढायच्या. हे नियम कोठे लिहिलेले नसतात. पण जो ते पाळतो तो घरचा होऊ लागतो आणि जो पाळत नाही तो भाडेकरू राहतो.

आता ताटाकडे वळू. दुपारचे जेवण क्रमाने येते. आधी डाळ, कडधान्य किंवा भाजी, मग मासे, मांस किंवा अंडी, आणि शेवटी फळ. पाव नेहमी जवळ. मसूर, छोले, पालक, बटाटे ही सारी आपल्या ओळखीची मंडळी येथे भेटतात; पण शाकाहारी मुलाने सावध असावे, कारण मसुरात चोरिथोचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या लाल सुरळीचा, तुकडा हमखास असतो. ‘मांस नको’ म्हटले तर बाई समजुतीने मान हलवते आणि भाजीत खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे घालते! तिच्या लेखी ते मांस नव्हे, ती चव आहे. अशा वेळी पहिल्याच दिवशी हसतमुखाने आणि स्पष्ट सांगावे. मुकाट्याने ताट सारणे हा तेथे अपमान, आणि स्पष्ट बोलणे हा विश्वास समजला जातो. अंडी चालत असतील तर प्रश्नच मिटला. ऑलिव्हच्या तेलात बटाटे मंद शिजवून अंड्यांत थापलेली जाड तोर्तिया पुढे येते. तिच्यात कांदा घालावा की नाही, यावर सारा देश दुभंगलेला आहे. विद्यार्थ्याने कोणताही पक्ष घ्यावा. वादात उतरला की भाषा आपोआप येते.

कारण खरी शाळा भरते ती जेवण संपल्यावर. ताटे रिकामी झाली तरी कोणी उठत नाही. या बसून राहण्याला त्या भाषेत खास शब्द आहे, ‘सोब्रेमेसा’. तीनच्या बातम्या लागतात, शेजारणीच्या मुलीचे लग्न निघते, सरकारला शिव्या बसतात. हिवाळ्यात गोल टेबलाखाली शेगडी असते, पूर्वी कोळशाची, आता विजेची. वरचे जाड कापड जमिनीपर्यंत लोंबते आणि सगळे ते गुडघ्यांवर ओढून घेतात. बाहेर पाणी गोठते आहे आणि चार माणसांचे पाय एकाच उबेत आहेत! अशा वेळी मुलगा म्हणतो, ‘क्वान्दो ब्येनेस’, जेव्हा तू येतोस. बाई बोलता बोलता म्हणते, ‘क्वान्दो बेंगास’, जेव्हा तू येशील. क्रियापदाचा जो अर्थ वर्गात पंधरा दिवस घोकून उमगला नाही, तो मीठ मागता मागता जिभेवर बसतो.

आणखी एक गंमत ऐका. स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसाला ‘तू’ म्हणतात. तोच आपला ‘तू’. दोन्ही भाषांचे मूळ कुळ एक. आदराचा शब्द ‘उस्तेद’, आणि तो ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आला आहे. आपला मुलगा संस्काराप्रमाणे वडीलधाऱ्या बाईला ‘उस्तेद’ म्हणतो आणि आठ-पंधरा दिवसांत तीच त्याला थांबवते. मला ‘तू’ म्हण, मी काही इतकी म्हातारी नाही! आपणही आईला ‘अगं आई’ म्हणतो, ‘अहो आई’ म्हणत नाही. त्या एका सर्वनामात त्याला घराचे दार उघडते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कोणी म्हणेल, हे सारे पैशासाठी चालले आहे. होय, पैशासाठीच! पण तो पैसा कोणाचा, हे पाहा. स्पेनमध्ये १९७५ सालापर्यंत विवाहित स्त्रीला नोकरी धरायला किंवा बँकेत खाते उघडायला नवऱ्याची संमती लागत असे. आज सत्तरी ओलांडलेल्या ज्या स्त्रिया विद्यार्थ्यांना घरी ठेवतात, त्यांनी तो काळ अंगावर काढला आहे. त्यांच्या वडीलमंडळींनी यादवीनंतर १९५२ पर्यंत शिधापत्रिकेवर दिवस काढले. म्हणून तर पावाचा तुकडा टाकून देताना त्यांचा हात अडतो. विद्यार्थ्याच्या खोलीचे पैसे हे अशा बाईचे स्वतःचे, स्वतःच्या हातच्या स्वयंपाकाचे उत्पन्न असते. त्यात कमीपणा कसला?

आपल्या पुण्यात कित्येक गरीब मुले वार लावून जेवली. ते अन्न फुकट होते, वाढणाऱ्यांचे मन मोठे होते. पण जेवणाऱ्याच्या घासाखाली मिंधेपणाचा खडा असे. तेथे पैसे मोजलेले असल्यामुळे हा खडा नाही. दोन्ही बाजू ताठ मानेने एका टेबलाशी बसतात. पैशाने खोली मिळते आणि ताट मिळते. जेवणानंतरचा तास मात्र कोणत्याही करारात लिहिलेला नसतो. तो बाईने द्यावा लागतो आणि विद्यार्थ्याने घ्यावा लागतो.

आजचा धोका नेमका येथे आहे. खिशातल्या फोनवर पुण्याची आई रोज दिसते, मित्र रोज भेटतात. मुलगा घास संपवतो, खोलीत जातो, दार लावतो आणि देहाने सालामांकात, मनाने सदाशिव पेठेत राहतो. मग त्याच्या दृष्टीने ते घर खाणावळच ठरते, आणि वर तोच म्हणतो, तिथली माणसे कोरडी! माझी पालकांना विनंती आहे, दुपारी तीन ते चार या वेळात त्या मुलाला फोन करू नका. तो तास तुमचा नाही.

असे जो राहिला, त्याला निरोपाच्या दिवशी एक गोष्ट कळते. आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. तेथील माणसेही ‘अस्ता लुएगो’ म्हणतात, म्हणजे ‘नंतर भेटेपर्यंत’, मग भेट ठरलेली असो वा नसो. दोन टोकांच्या दोन भाषांना उंबरठ्यावर एकच गोष्ट सुचावी, यातच माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे.