फ्लॅशचे सेल : निवड आणि निगा

(मंडळाच्या छायाचित्रण-वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कॅमेऱ्याविषयी बोलणारा वक्ता बहुधा भिंगांविषयी, रचनेविषयी, छायाप्रकाशाच्या खेळाविषयी बोलतो, आणि श्रोत्यांनाही तेच आवडते. फ्लॅशमध्ये घालायच्या चार सेलांविषयी बोलायला उभे राहणे म्हणजे पंगतीत पक्वान्नांचे वर्णन सोडून चुलीतल्या लाकडांची चर्चा करण्यासारखे आहे. पण लाकडे ओली निघाली की पंगत खोळंबते, हे स्वयंपाकघराशी संबंध असलेल्या कोणालाही सांगायला नको.

आपल्या मंडळापुरते बोलायचे तर हा विषय तितका क्षुल्लक राहिलेला नाही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमवताना आम्ही अनेक अल्बम चाळले. रंगमंचावर दिवे मंद, समोर नट उभा, आणि चित्रात केवळ एक तपकिरी सावली. हळदीकुंकवाच्या समारंभात मागच्या रांगेतले चेहरे काळोखात विरून गेलेले. त्यांतली कित्येक माणसे आज आपल्यांत नाहीत, आणि त्यांचे दुसरे छायाचित्र मंडळापाशी नाही. अशा चित्रांची कारणे नाना असतील, पण फ्लॅश वेळेवर सिद्ध नसणे हे त्यांतले एक नेहमीचे कारण आहे आणि ते टाळणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. विवाहात अंतरपाट दूर होतो, माळा गळ्यांत पडतात आणि अक्षतांचा वर्षाव होतो, हे सारे काही क्षणांत आटोपते. त्या वेळी फ्लॅशच्या पाठीवरचा छोटा दिवा लागलेला नसेल, तर भटजींना मंगलाष्टके पुन्हा म्हणायला सांगता येत नाही.

हा दिवा लागायला वेळ का लागतो, हे प्रथम पाहू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स तंत्रशास्त्र संस्थेत हॅरोल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास विद्युत्‌-स्फुरणाचा दिवा विकसित केला. आजचा फ्लॅश त्याच तत्त्वावर चालतो. चार सेलांचा जेमतेम पाच-सहा व्होल्टचा दाब फ्लॅशमधील मंडल तीनशे व्होल्टच्या वर नेते, आणि ती ऊर्जा कपॅसिटर नावाच्या भागात साठवते. चित्र घेताना हा साठा झेनॉन वायूच्या नळीतून सेकंदाच्या अल्पशा अंशात रिकामा होतो. मग पुन्हा भरणे आले. धरणाचा दरवाजा एकदम उघडावा आणि पुढे बारीक मोटेने धरण भरत बसावे, असा हा प्रकार आहे. मोट किती जोरात चालते, यावर सगळे अवलंबून.

थोडे गणित करावे लागेल. उदाहरणादाखल १४०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३३० व्होल्टपर्यंत भरला, तर त्यात सुमारे ७६ ज्यूल ऊर्जा मावते. वाटेत जवळजवळ तितकीच वाया जाते असे धरले, तर पूर्ण शक्तीच्या एका झोतासाठी सेलांना दीडशे ज्यूल द्यावे लागतात. हे काम पाच-सहा सेकंदांत उरकायचे, तर चारही सेलांमधून पाच अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. भिंतीवरच्या घड्याळाला हाच सेल वर्षभर पुरतो, आणि येथे त्याला मल्लासारखे बळ लावावे लागते. घड्याळ, टीव्हीचा रिमोट आणि फ्लॅश यांना एकच सेल लागतो, हा समज म्हणूनच सोडून दिला पाहिजे. आकार एकच आहे, काम एक नाही.

प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. साध्या अल्कलाइन सेलचा रोध नवेपणीच ०.१५ ओहमच्या आसपास असतो, आणि सेल वापरला जाईल तसा तो वाढत जातो. पाच अँपिअर मागितले की त्याचा पाऊण व्होल्ट, म्हणजे दीड व्होल्टांतला निम्मा दाब, सेलच्या पोटातच जिरतो आणि उष्णता होऊन बाहेर पडतो. चांगल्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा रोध ०.०२५ ओहमच्या घरात असतो. त्यावर दीड व्होल्ट नव्हे, १.२ व्होल्ट छापलेले असते, आणि ते पाहून पुष्कळ जण बिचकतात. पण पाच अँपिअरला त्याचा जेमतेम अष्टमांश व्होल्ट जातो. म्हणजे ज्याच्यावर मोठा आकडा छापलेला आहे तो ऐनवेळी पाऊण व्होल्टवर येऊन बसतो, आणि ज्याच्यावर लहान आकडा आहे तो एक व्होल्टच्या वर ठाम राहतो. माणसांच्या बाबतीतही असा अनुभव येतो, पण तो आजचा विषय नव्हे.

तेव्हा फ्लॅशसाठी पुन्हा भरता येणारा निकेल-मेटल हायड्राइड सेलच घ्यावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. तो अल्कलाइनपेक्षा स्वस्त पडतो, हे कारण दुय्यम. तो अधिक त्वरेने ऊर्जा देतो, हे मुख्य कारण.

या सेलाचा पूर्वज म्हणजे निकेल-कॅडमियमचा सेल. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी तो १८९९ साली सिद्ध केला. प्रवाह देण्यात तो पटाईत होता. मात्र कॅडमियम विषारी, आणि अर्धवट वापरून भरत राहिले तर तो तेवढीच सवय लावून घेतो, अशी त्याची ख्याती. निकेल-मेटल हायड्राइड सेल १९९० च्या सुमारास बाजारात आले. त्यांची धारणा मोठी, पण दोष असा की भरून ठेवलेला सेल कपाटात पडल्या पडल्या रिता होत असे. महिन्याभरात पाव हिस्सा नाहीसा व्हायचा. गणेशचतुर्थीला भरलेले सेल दिवाळीला दगा देत, आणि दोष फ्लॅशवर जाई. २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप या नावाने हळूहळू रिते होणारे सेल आणले, आणि हा प्रश्न जवळजवळ मिटला. पुढे ही कंपनी पॅनासॉनिककडे गेली आणि आज ते सेल त्या नावाने मिळतात. इतर कंपन्यांनीही हा प्रकार काढला आहे. वेष्टनावर 'आधीच भरलेले' अशा अर्थाची ग्वाही असते, ती पाहून घ्यावी.

आता यांतही दोन वर्ग आहेत. एक सुमारे २००० मिलिअँपिअर-तासांचा, दुसरा सुमारे २५०० चा. ग्राहक साहजिकच दुसऱ्याकडे हात नेतो. पण उत्पादकाच्याच सांगण्याप्रमाणे एनेलूपच्या साध्या सेलाचे आयुष्य २१०० वेळा भरण्याचे, आणि मोठ्या धारणेच्या सेलाचे अवघे ५०० वेळांचे. जास्त माल कोंबायचा तर आतील पडदे पातळ करावे लागतात, त्याची ही किंमत. साध्या चार सेलांत मिळून ९.६ वॅट-तास म्हणजे साडेचौतीस हजार ज्यूल असतात, आणि मघाच्या हिशेबाने त्यांत पूर्ण शक्तीचे दोनशेच्या वर झोत निघतात. मंडळाच्या कार्यक्रमात बहुतेक झोत पाव किंवा अष्टमांश शक्तीचेच असतात, म्हणजे संख्या कितीतरी वाढते. मग मोठ्या आकड्याचा सोस कशाला? चार मोठे सेल घेण्यापेक्षा आठ साधे घ्यावेत. एक संच फ्लॅशमध्ये, दुसरा खिशात.

बाजारात ३००० किंवा त्याहूनही मोठा आकडा छापलेले सेल दिसतात. या आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलात इतके मावतच नाही, तेव्हा ते खुशाल बाजूला ठेवावेत. निकेल-झिंकचे सेल भरल्यावर १.८ व्होल्टच्या घरात असतात. फ्लॅश त्यांनी झपाट्याने भरतो खरा, पण त्याच झपाट्याने तापतोही. दीड व्होल्टचे लिथियम-आयन सेल आत दाब उतरवणारे मंडल बाळगतात. ते मंडल फ्लॅशची अँपिअरची भूक भागवायला बहुधा अपुरे पडते, आणि सेल संपताना पूर्वसूचना न देता एकदम बंद पडतो. १४५०० या क्रमांकाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब आपल्या सेलासारखा, पण ३.७ व्होल्टचा. असे चार सेल घातले तर फ्लॅशची राख होईल. घरात दोन्ही प्रकार असतील तर ते एका डब्यात कधीही ठेवू नयेत.

सेल चांगले घेऊन चार्जर हलका घेणे ही आपल्याकडची नित्याची चाल आहे. सेलांबरोबर फुकट मिळणारा चार्जर बहुधा सेल जोडीने भरतो किंवा घड्याळ लावून ठराविक तासांनी थांबतो. जोडीतला एक अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असेल, तर पहिला उतू जातो आणि दुसरा उपाशी राहतो. म्हणून प्रत्येक सेल स्वतंत्रपणे भरणारा आणि भरल्याची खूण ओळखून आपोआप थांबणारा चार्जर घ्यावा. निकेल-मेटल हायड्राइड सेल पूर्ण भरला की त्याचा दाब किंचित खाली येतो, आणि चार्जर ती घसरण ओळखतो. प्रवाह फारच मंद ठेवला तर ही घसरण इतकी पुसट होते की चार्जरला ती कळत नाही. उलट पाव तासात भरून देणारा चार्जर सेलांना भाजून काढतो. दोन हजारांच्या सेलाला एक अँपिअरच्या आसपासचा प्रवाह द्यावा. दोन-अडीच तासांत काम होते. भरताना सेल कोमट व्हावेत, हाताला चटका बसू नये.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तिच्याकडे वळू. फ्लॅशमधले चार सेल बैलांच्या चौकडीप्रमाणे एका ओळीत जुंपलेले असतात. तीन ताजे आणि एक थकलेला असेल, तर थकलेला आधी रिकामा होतो, परंतु उरलेले तिघे त्याच्यातून प्रवाह रेटतच राहतात. अशा वेळी त्याची धन-ऋण टोके उलटी होतात आणि त्याच्या अंतरंगाची कायमची हानी होते. पुढच्या खेपेला तो आणखी लवकर थकतो. 'चार सेल खराब झाले' म्हणून जे टाकून दिले जातात, त्यांत पुष्कळदा खरोखर खराब एकच असतो.

यावर उपाय एकच. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच जातीचे चार सेल घ्यावेत. त्यांवर न पुसणाऱ्या शाईने संचाचे अक्षर आणि खरेदीचा महिना-वर्ष लिहावे. चौघांनी एकत्र भरावे, एकत्र रिते व्हावे, एकत्र डब्यात विसावावे. घरात मुलाच्या खेळण्यासाठी म्हणून त्यांतला एक सेल काढला गेला की संच मोडला असे समजावे. सरकारी कचेरीत आयुष्य गेल्यामुळे प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन नोंदवहीत चढवण्याची खोड आम्हांला जडली आहे. घरची मंडळी तिची थट्टा करतात, पण सेलांच्या बाबतीत ती खोड उपयोगी पडली. भरलेल्या सेलांची धन टोके डब्यात वर आणि रित्यांची खाली, एवढा संकेत पाळला तरी अंधाऱ्या सभागृहात चाचपडावे लागत नाही. काही चार्जर सेल एकदा पूर्ण रिता करून त्याची खरी धारणा आकड्यात दाखवतात. वर्षातून दोनदा ही तपासणी करावी, आणि जो सेल सोबत्यांपेक्षा पंचमांशाने मागे पडला असेल त्याला फ्लॅशमधून निवृत्त करून घड्याळाकडे बदली द्यावी.

प्रत्यक्ष कार्यक्रमात फ्लॅशचा दिवा लागायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागू लागला, की चारही सेल बदलावेत. शेवटचा थेंब पिळण्यात सेलाचेच आयुष्य घटते. लागोपाठ पूर्ण शक्तीचे झोत टाकत राहिले तर सेल आणि फ्लॅश दोन्ही तापतात, म्हणून कॅमेऱ्याची आयएसओ संवेदनशीलता थोडी वाढवून फ्लॅशची शक्ती निम्म्यावर आणावी. निम्म्या शक्तीला ऊर्जाही सुमारे निम्मीच लागते. गरम सेल लगेच चार्जरवर लावू नयेत, निवू द्यावेत.

दिल्लीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो साठीच्या पुढे जातो. त्या गाडीत ठेवलेली बॅग सेलांना सर्वांत घातक. हिमालयाच्या सहलीत उलट अडचण येते. थंडीत सेल सुस्तावतात. राखीव संच आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. दोन कार्यक्रमांमध्ये महिनोन्‌महिने जात असतील तर सेल फ्लॅशमधून काढून कोरड्या, थंड जागी ठेवावेत आणि सहा-आठ महिन्यांनी एकदा भरावेत.

अलीकडचे काही फ्लॅश स्वतःच्याच लिथियम-आयन बॅटरीवर चालतात. लवकर भरतात, भरपूर झोत देतात, आणि नवा फ्लॅश घेणाऱ्याने त्यांचा विचार अवश्य करावा. मात्र बॅटरी त्याच फ्लॅशची, आणि काही वर्षांनी तीच बॅटरी मिळेल किंवा न मिळेल. आपले साधे सेल कोणत्याही गावी मिळतात. विमानप्रवासात लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या टोके झाकून हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, आणि फुगलेली बॅटरी तर क्षणभरही वापरू नये.

निकामी सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी-कचरा व्यवस्थापन नियमांनी त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ग्राहकाने त्या निराळ्या जमवून संकलन केंद्राकडे पोहोचवाव्यात. मंडळाच्या कार्यालयात त्यासाठी एक झाकणाचा डबा ठेवण्याची सूचना आम्ही चिटणीसांना केली आहे.

या मेजावर दोन चार्जर आणि तीन संच ठेवले आहेत. त्यांतल्या एका संचात एक थकलेला सेल मुद्दाम मिसळला आहे. फ्लॅश लावून दिवा लागायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजावे, आणि तो सेल कोणता हे चार्जरच्या आकड्यांवरून शोधून काढावे.