सल्ला घ्यावा कुणाचा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. व्यासपीठावर उभे राहण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्या. आपल्या कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुमचे पैसे कसे बुडाले आणि पुढे धंदा कसा सावरला, ते जसेच्या तसे सांगा. चारजणी शहाण्या होतील." म्हणून उभी आहे.

माझे माहेर दौंडचे, सासर हे शिरूर. वडील रेल्वेत होते. त्यामुळे भाचा जेव्हा म्हणाला, "मामी, तुम्ही एक बिझनेस कोच लावा," तेव्हा मला आगगाडीचा डबाच आठवला! मग त्याने समजावले की, धंदा कसा चालवावा हे पैसे घेऊन सांगणाऱ्याला हल्ली कोच म्हणतात.

मला गरज होती हे खरे. सहा वर्षे मी पापड, कुरडया, शेवया नि काळा मसाला करून विकते. पहाटे चारला उठायचे, रात्री अकराला पाठ टेकायची. गिऱ्हाईक भरपूर, पण वर्षअखेर डब्यात काही उरत नसे. का उरत नाही, ते मात्र कळत नव्हते.

भाच्याबरोबर पुण्याला एका मोठ्या सभागृहात गेले. दिवे, टाळ्या, गाणी! बोलणारे गृहस्थ म्हणाले, "तीन महिन्यांत धंदा दुप्पट." मी भारावून गेले आणि मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले दहा हजार रुपये तिथल्या तिथे भरून आले. पुढे फोनवर भाषणे येत राहिली. मी काय करते, कितीला विकते, हे कुणी एकदाही विचारले नाही. उलट चाळीस हजारांच्या पुढच्या वर्गाचा आग्रह सुरू झाला. पैसे परत मागितले, तर नियमात बसत नाही म्हणाले. मुलीच्या फीसाठी पाटली गहाण टाकावी लागली. घरी हे एक शब्दही बोलले नाहीत, तेच जास्त लागले.

त्यानंतर वर्षभर सल्ला म्हटला की मला राग येई. मग आपल्याच मंडळात एकीने लिज्जत पापडाची हकीकत सांगितली. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी उसन्या ऐंशी रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यांनाही एक सल्लागार होते, छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत. बायका आधी दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला नि एक स्वस्तातला. बाप्पांनी सांगितले, एकच प्रत ठेवा आणि ती उत्तम ठेवा. आणि हिशेब चोख लिहा. सल्ला एवढाच, पण त्यांच्या कामाला नेमका लागू पडणारा. तेव्हा मला उमजले की, सल्ला घेणे ही चूक नव्हती. माणूस पारखला नाही, ही चूक होती.

पुढे दौंडला एका लग्नात एक बाई भेटल्या. वीस वर्षे त्यांनी खानावळ चालवली. आता बचत गटांच्या बायकांना हिशेब शिकवतात. मी माझे रडगाणे सांगू लागले, तर म्हणाल्या, "आधी वही दाखवा." वही कुठली असायला! "मग महिनाभर लिहा आणि या. त्याचे मी पैसे घेत नाही."

महिनाभर लिहिले. कुरडईला किलोमागे गहू, मीठ, गॅस नि पिशवी मिळून दीडशे रुपये खर्च, विक्री दोनशे वीसला. मी म्हणे, सत्तर सुटले. बाईंनी विचारले, "मदतीला कोण असते?" किलोमागे मदतीच्या बाईचे दोन तास जात, पन्नासप्रमाणे शंभर रुपये. म्हणजे तीस रुपये खिशातून जात होते, आणि माझे कष्ट तर धरलेच नव्हते! हे कळायला मला सहा वर्षे लागली.

कुरडईचा भाव तीनशे केला आणि फक्त मागणीप्रमाणे करू लागले. काही गिऱ्हाइके तुटली. विक्री कमी झाली, पण दिवाळीत डब्यात पैसे उरले. बाईंची फी महिना एक हजार, कागदावर लिहून, तीन महिन्यांपुरती. तीन महिने झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता माझी गरज नाही." यंदाच्या अक्षय्य तृतीयेला पाटली सोडवून आणली, ती ही पाहा हातात आहे!

भगिनींनो, माझे सांगणे एवढेच. पैसे देण्यापूर्वी आपली अडचण एका ओळीत लिहून पाहा. माल करायचे शिकायचे असेल, तर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत विनामूल्य शिकवतात. बारामतीला नि नारायणगावला कृषि विज्ञान केंद्रे आहेत, तिथे चौकशी करा. तेवढ्याने भागत नसेल, तरच सल्लागार बघा. त्याने स्वतः कधी धंदा केला आहे का, ते विचारा. आधी ज्यांना शिकवले अशा दोघींना त्याच्या माघारी भेटा. फी महिन्याची ठरवा, कागदावर घ्या. बुडाली तर घर हलेल एवढी रक्कम कुणाच्याही हाती देऊ नका. दुप्पट-तिप्पटीची हमी देणाऱ्याला दुरून नमस्कार करा. जो आधी वही मागतो, त्याला बसायला पाट द्या.

लहानपणी दौंड स्टेशनात मी पाहायची, मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचे इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावीत. डबे तेच, उतारू तेच, पण मग गाडी पुण्याच्या वाटेला लागे. आपल्या संसाराचे इंजिन आपणच आहोत. सल्लागाराने फक्त टोक दाखवावे, आणि बाजूला व्हावे.