वडिलांचा व्यवसाय : एका रकान्याची गोष्ट



जून महिना उजाडला की शाळांची दारे उघडतात आणि प्रवेशअर्जाचा कागद पालकांच्या हाती येतो. मुलाचे नाव, जन्मतारीख, पत्ता येथपर्यंत लेखणी सरळ चालते. पुढे एक छोटासा रकाना येतो, 'वडिलांचा व्यवसाय'. डॉक्टर, वकील, शिक्षक, व्यापारी यांना तो भरताना विचार करावा लागत नाही. परंतु कित्येक बापांची लेखणी तेथे क्षणभर थबकते. आजच्या विषयाचे मूळ त्या क्षणभराच्या थबकण्यात आहे.

वडवणी हा बीड जिल्ह्यातील कोरडवाहू तालुका. बीड-परळी रस्त्यावरील या गावाच्या बाजारपेठेत दसऱ्याच्या सुमारास एक वेगळीच वर्दळ दिसते. मुकादमाकडून उचल मिळालेली असते. किराणा, कपडे, ताडपत्री, पोरांची दप्तरे यांची खरेदी होते आणि थोड्याच दिवसांत ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. त्यातला एकटाच कामाला असेल तर तो 'अर्धा कोयता'. माणसाची गणती जेथे हत्याराच्या नावाने होते, तेथे त्या माणसाच्या मनात आपल्या कामाविषयी कोणता भाव निर्माण होत असेल, याची कल्पना करता येते.

या कुटुंबांपैकी अनेकांची दोन-चार एकर जमीन असते. त्यामुळे प्रवेशअर्जाच्या रकान्यात 'शेती' असे लिहिले जाते. ते खोटे नाही, परंतु पूर्ण खरेही नाही. वर्षातील पाच-सहा महिने घर ज्या कामावर चालते, त्या कामाचे नाव त्या कागदावर येत नाही.

अशा एखाद्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मुलगा हुशार आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत चमकला म्हणून त्याला शहरातील वसतिगृहात ठेवले आहे. आई-वडील फोनवर सांगतात, 'आम्ही कारखान्यावर कामाला आहोत.' मुलाच्या मनात कारखान्याचे चित्र उभे राहते. यंत्रे, गणवेश, भोंगा. पहाटे थंडीत उसाच्या फडात वाकलेली आई आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा बाप त्या चित्रात नसतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते येत नाहीत, कारण हंगाम चालू असतो. पण त्याहून मोठे कारण असे की, हाताला पडलेले उसाच्या पाचटाचे काप मुलाच्या मित्रांना दिसू नयेत असे त्यांना वाटते.

या लपवण्याला लबाडी म्हणण्याची घाई कोणी करू नये. त्यामागे दोन भावना असतात. एक, मुलाची मान चारचौघांत खाली जाऊ नये. दुसरी, त्याच्या मनावर ओझे पडू नये; आपण राबतो हे कळले तर तो पुस्तक सोडून कोयता उचलेल ही भीती. दोन्ही भावना प्रेमातून आलेल्या आहेत. प्रश्न इतकाच की, या प्रेमाचा परिणाम मुलावर काय होतो? याचे उत्तर शोधताना काही खऱ्या आयुष्यांकडे पाहणे उपयोगी ठरेल.

पहिले आयुष्य डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे. त्यांचे 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन १९९४ साली ग्रंथालीने प्रसिद्ध केले. कोल्हाटी समाजातील ज्या मुलींना नाचगाण्याच्या धंद्यात घातले जाई, त्यांचे लग्न होत नसे. चिरा उतरवण्याचा विधी होई, कोणी पैसेवाला त्यांना काही काळ ठेवून घेई आणि त्यांच्या कमाईवर बाप-भाऊ घर चालवत. अशा आईच्या पोटी जन्मलेल्या मुलापासून आईचा व्यवसाय लपवायचा म्हटले तरी लपवता येण्यासारखा नव्हता. शाळेच्या पटावर मुलाच्या नावापुढे बापाचे नाव येण्याची आपल्याकडे रीत. किशोरच्या नावापुढे आईचे नाव आले. कोणी काही सांगण्यापूर्वी हजेरीनेच सर्व सांगून टाकले. त्या मुलाने टोमणे सोसले, उपासमार सोसली आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकाची पदवी मिळवली. परंतु विशेष गोष्ट पुढची आहे. पुस्तक लिहिताना मधले नाव गाळून 'किशोर काळे' एवढेच छापणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मुखपृष्ठावर शांताबाईंचे नाव तसेच ठेवले. ज्या नावाने लहानपणी मान खाली गेली, तेच नाव त्यांनी स्वतःच्या हाताने वर आणले. २००७ साली रस्ता अपघातात ते अकाली गेले. मागे राहिलेल्या पुस्तकावर मात्र आईचे नाव कायम आहे.

या संदर्भात शासनाच्या एका निर्णयाचा उल्लेख करणे योग्य होईल. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत शासकीय कागदपत्रांवर बालकाचे नाव, नंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने नोंद करण्याचे महाराष्ट्र शासनाने ठरवले. किशोरच्या हजेरीत जे नाव एकट्याच्या कपाळावरील डागासारखे वाटत होते, तसे नाव आता प्रत्येक मुलाच्या नावाशेजारी येणार आहे. एखाद्या गोष्टीची लाज त्या गोष्टीत किती आणि ती एकट्याच्याच वाट्याला येण्यात किती, हे यावरून लक्षात यावे.

दुसरे आयुष्य धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या सामोडे गावचे. डॉ. राजेंद्र भारूड हे भिल्ल समाजातील. त्यांच्या जन्मापूर्वीच वडील वारले. आई कमलाबाई मोहाची दारू गाळून विकत. उसाच्या चिपाडांची झोपडी, त्यातच गिऱ्हाईक बसायचे आणि त्यातच मुलगा अभ्यास करायचा. गिऱ्हाइकांनी चणे-फुटाणे आणायला पाठवावे, वर दोन पैसे द्यावेत आणि मुलाने त्यातून पुस्तके घ्यावीत, असे ते दिवस. एका गिऱ्हाइकाने टोमणा मारला की, हा शिकून काय करणार, शेवटी दारूच विकणार. मुलगा डॉक्टर किंवा कलेक्टर होईल, असे उत्तर त्या माऊलीने दिले. मुलगा नवोदय विद्यालयात गेला, मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला आणि पुढे भारतीय प्रशासकीय सेवेच्या २०१३ च्या तुकडीत दाखल झाला. नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना करोनाच्या काळात त्यांनी जिल्ह्यात प्राणवायूचे प्रकल्प वेळेत उभे केले, म्हणून २०२१ साली देशभर त्यांचे नाव झाले. 'मी एक स्वप्न पाहिलं' या पुस्तकात त्यांनी आईचा व्यवसाय झाकला नाही.

येथे सावधपणे एक भेद करावा लागतो. दारू गाळणे हा काही गौरव करण्याजोगा धंदा नव्हे. त्याने किती घरे उद्ध्वस्त झाली, हे गावोगावी माहीत आहे. मुलाने आईच्या धंद्याचा अभिमान बाळगला असे म्हणण्यापेक्षा, त्याने आईच्या कष्टांचा आणि निर्धाराचा मान राखला आणि धंदा मात्र पुढे चालवला नाही, असे म्हणणे अधिक खरे आहे. ज्या घरात व्यवसायच दूषित आहे, तेथेही सत्य सांगता येते. 'परिस्थितीने हे करावे लागले, तू हे करू नयेस' या शब्दांत. ऊसतोडीसारखे काम तर पूर्णपणे प्रामाणिक. तेथे लाजेचे कारण कामात नाहीच, ते पाहणाऱ्याच्या नजरेत आहे.

लपवलेली गोष्ट माणसाला किती काळ पोखरते, याचे एक उदाहरण साता समुद्रापलीकडचे आहे. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांचे वडील १८२४ साली कर्जापायी तुरुंगात गेले. बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या काळ्या पॉलिशच्या वखारीत डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम करावे लागले. पुढे हा मुलगा जगप्रसिद्ध झाला, परंतु ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या मुलांनाही सांगितली नाही. १८६९ च्या नाताळात घरी स्मरणशक्तीचा खेळ चालू होता. प्रत्येकाने आधीच्या शब्दांत नवा शब्द जोडायचा. डिकन्स यांनी आपली पाळी आल्यावर त्या जुन्या वखारीचे नाव आणि पत्ता उच्चारला. त्यांच्या आवाजातील वेगळेपण मुलगा हेन्री याला जाणवले, पण अर्थ कळला नाही. पुढच्याच वर्षी डिकन्स गेले. त्यानंतर त्यांचे स्नेही जॉन फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून त्या नावाचा उलगडा झाला. ज्या श्रमातून त्यांच्या कादंबऱ्यांतील अनाथ, राबणारी मुले जन्माला आली, त्या श्रमाविषयी बाप आणि मुलगा यांचे एकमेकांशी एकदाही बोलणे होऊ शकले नाही. याहून मोठे नुकसान कोणते?

आता आपल्या परंपरेकडे वळू. महाराष्ट्राच्या संतमांदियाळीत व्यवसाय लपवण्याची रीत नाही. गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी यांचा व्यवसाय त्यांच्या नावालाच चिकटलेला आहे. नामदेव महाराज शिंपी होते, कबीर विणकर होते. जनाबाईचे जाते आजही घराघरांत आठवले जाते. ग्रीस देशातील तत्त्वज्ञ सॉक्रेटिस यांची आई सुईण होती. आपणही सुईणीचेच काम करतो, माणसाच्या मनातील विचार बाहेर यायला मदत करतो, असे सॉक्रेटिस सांगत असल्याचे त्यांचा शिष्य प्लेटो याने लिहून ठेवले आहे. आईच्या व्यवसायातून मुलाला आपल्या कार्याचे नाव सापडले. तो व्यवसाय त्यांच्यापासून दडवला गेला असता, तर हे घडले नसते.

बंधू-भगिनींनो, हुशार मुलापासून गोष्ट फार काळ लपत नाही. ती कोणाकडून तरी कळतेच. कधी भांडणात मित्राच्या तोंडून, कधी एखाद्या रस्त्यावर अकस्मात समोर आलेल्या उसाच्या गाडीवर बसलेल्या आईच्या रूपाने. त्या क्षणी मुलाला दोन जखमा होतात. पहिली, समाजाच्या नजरेची. दुसरी अधिक खोल, 'माझ्याच माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही.' शिवाय आई-वडील ज्या गोष्टीला लपवतात, ती लाजिरवाणीच असली पाहिजे, असा धडा मूल न सांगता शिकते. मग तेही मोठेपणी आई-वडिलांनाच लपवू लागते. साहेब झालेल्या मुलाने पाहुण्यांसमोर बापाला 'गावाकडचे ओळखीचे' म्हणून सांगावे, अशा कहाण्या समाजाने कमी ऐकलेल्या नाहीत. त्यांचे बी बहुधा लहानपणीच्या या मौनात असते.

म्हणून सत्य सांगावे, परंतु वय पाहून आणि शांत वेळ पाहून सांगावे. लहान मुलाला एवढेच पुरे की, 'आम्ही ऊस तोडतो. तुझ्या चहातील साखर त्यातूनच येते.' थोड्या मोठ्या मुलाला उचल म्हणजे काय, ती कशी फिटते, टनाला किती मिळते हे समजू द्यावे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली; अशी वाढ का मागावी लागते, याचा हिशेब ज्या मुलाला घरी कळेल, त्याचे गणितही पक्के होईल आणि माणूसपणही. मात्र 'तुझ्यासाठीच आम्ही मरमर मरतो' असे सतत ऐकवू नये. सत्य सांगणे वेगळे आणि मुलाच्या खांद्यावर कर्जाचा डोंगर ठेवणे वेगळे.

दुसरी जबाबदारी समाजाची. भर वर्गात उभे करून वडिलांचा व्यवसाय विचारण्याची पद्धत शिक्षकांनी सोडावी. माहिती हवी असेल तर ती पालकांकडून एकांतात घ्यावी. व्यापाऱ्याने दुकानात आलेल्या ऊसतोड मजुराला सतरंजीवर तीच जागा द्यावी, जी नोकरदाराला दिली जाते. त्याच्यासोबत आलेले मूल ते पाहत असते. गावोगावच्या हंगामी वसतिगृहांनी अनेक मुलांना फडावर जाण्यापासून वाचवले. शासनाने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचे 'शांतिवन' अशा मुलांना वर्षानुवर्षे आधार देत आले आहे. अशा ठिकाणी मुलाला सर्वांत मोठी गोष्ट कोणती मिळते? शेजारच्या पलंगावरील मुलाचे आई-वडीलही ऊसच तोडतात हे त्याला कळते. तेथे लपवण्याचे कारणच उरत नाही.

कापड बाजारात एक साधी रीत आहे. जाणता गिऱ्हाईक तागा उलटून मागची बाजू पाहतो. पुढच्या बाजूची नक्षी कोणीही चांगली करील. वीण कशी आहे ते मागून कळते. हुशार मुलाचे यश ही पुढची बाजू. त्या यशाची वीण फडावर, झोपडीत, जात्यावर घातली गेलेली असते. ती बाजू मुलाला दाखवायला कोणत्याही आई-बापाने संकोच करू नये.

येत्या जूनमध्ये वडवणी तालुक्यातील एखादा बाप तो छोटा रकाना भरताना थांबणार नाही आणि 'शेती व ऊसतोडणी' असे स्वच्छ अक्षरांत लिहील, शेजारी उभे असलेले त्याचे लेकरू ते वाचील आणि त्याची मान ताठ राहील, तर आजच्या या विचारमंथनाचे सार्थक झाले असे समजावे.