लाईट गेली तर माशांचं काय?

मी मुंबईच्या नायगावातून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आजचा विषय आहे काचेच्या टाकीतले रंगीत मासे. हे शहरातले लाड आहेत, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आमच्याकडे चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीतही टाकी असते, हे खरं. पण कोकणात काही महिला बचत गट हेच मासे वाढवून विकतात. त्यांची टाकी एका रात्रीत मेली, तर गटाचा हप्ता अडतो.

मुंबईत लाईट जात नाही, असा सगळ्यांचा समज. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. काही तासांत ती टप्प्याटप्प्याने आली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा मात्र कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. म्हणून तयारी दोन तासांची नको, दोन दिवसांची हवी.

लाईट गेल्यावर मासा उपाशी मरत नाही, तो गुदमरतो. पंपाच्या बुडबुड्यांनी पाणी हलतं, म्हणून त्यात हवा मिसळते. पंप थांबला की पाणी निपचित होतं. उन्हाळ्यात तर आणखी वाईट, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर समजा, हवा संपत आलीय. फायटर आणि गुरामी वरची हवाही घेतात, म्हणून जास्त तग धरतात.

आता उपाय. पहिला, फुकटचा. झाकण काढा आणि तांब्याने टाकीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत टाकीत सोडा. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं. घरातल्या सगळ्यांनी पाळी लावा.

दुसरा, सेलवर चालणारा छोटा पंप. मासे विकणाऱ्यांकडे मिळतो. जादा सेल डब्यात ठेवा.

तिसरा, बॅटरी. हवेचा साधा पंप चार-पाच वॅटचा असतो. बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची छोटी बॅटरी निम्मी वापरली तरी त्याला सात-आठ तास पुरते. त्यासाठी बारा व्होल्टवर चालणारा पंप घ्या. एका पंपासाठी घरचा मोठा इन्व्हर्टर चालू ठेवू नका. तो स्वतःच पंपापेक्षा जास्त वीज खातो. पाणी गरम करणारा हीटर तर बॅटरीला लावूच नका.

आणखी एक. पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. खाली असला, तर लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं, जमिनीवर सांडतं. जवळ प्लग असेल तर शॉक बसण्याची भीती.

लाईट येईपर्यंत खाणं बंद. मोठे मासे दोन दिवस सहज राहतात. टाकलेला दाणा कुजून पाणी मात्र बिघडवतो. पाणी बदलायचंच असेल तर पाव टाकीच बदला. विहिरीत टीसीएल टाकलं असेल, तर ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग वापरा.

लाईट आल्यावर घाई नको. बंद डब्याचा फिल्टर तासन्‌तास थांबला असेल, तर आतलं पाणी फेकून द्या आणि स्पंज टाकीच्याच पाण्यात हलका धुवा. पाणी शुद्ध ठेवणारे जीवाणू त्या स्पंजात राहतात. त्यांनाही हवा लागते. ते मेले असले, तर तीच घाण टाकीत परत येते.

आणि टाकीत मासे बेताचेच ठेवा. दाटी केली, की तासाभरात जीव घाबरतो. मासे विकणाऱ्या गटांनी येत्या बैठकीत एवढं ठरवा, की सेलचा पंप कोणाच्या घरी राहील आणि रात्री लाईट गेली तर पहिली कोण उठेल. नावं वहीत लिहा.