पावसाची रात्र आणि मनाचा थारा



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. चालणाऱ्यांनी या वाटेवर जे कमावलं, त्यातलं एकच आज सांगतो. मनावर आणि देहावर ध्यान ठेवणं. हल्ली जो तो म्हणतो, टेन्शन आलं. पण आलेलं टेन्शन अंगात बसलं कुठं, हे कुणी बघत नाही.

आपल्याकडं ते पावसाबरोबर येतं. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते इथं दरडी आल्या. मग 22 जुलै 2021. आषाढी होऊन दोनच दिवस झालेले. पालख्या त्या साली एसटीनं पंढरपुरी गेल्या, आपण घरीच होतो. त्या दिवशी तळीयेची कोंढाळकरवाडी डोंगराखाली गेली. 80 च्या वर माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर तोच घाला आला. महाडात सावित्री घराघरांत शिरली. तेव्हापासून रात्री जोराची सर आली की आपली माणसं उठून बसतात. पाऊस थांबतो, पण छातीतली धडधड थांबत नाही.

मंडळी, देहाला आधी कळतं. आपल्या वाडीला जिचं नाव आहे त्या हिरकणीची गोष्ट घ्या. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं. लेकरू भुकेलं असेल हे तिला तिच्या अंगानंच सांगितलं असेल, पान्हा फुटला असेल. मग ती कडा उतरली. कडा काही एका उडीत उतरता येत नाही. हा पाय टेकला का, तो हात धरला का, एवढंच बघत उतरावं लागतं. पूर्ण कडा डोळ्यापुढं आणला तर पाय लटपटतात.

आपणही तसंच करावं. भ्या वाटलं की आधी अंग तपासावं. दात आवळलेत का? खांदे वर चढलेत का? पोटात गोळा आहे का? श्वास वरच्या वर चाललाय का? जिथं आवळलंय तिथं सैल सोडावं. तळवे भुईला टेकवावे. मग श्वास सावकाश घ्यावा आणि घेतला त्याहून लांब सोडावा. लांब सोडलेल्या श्वासानं काळजाची धाव कमी होते. म्हणून तर भजनात चाल लांबवली की जीव निवतो. हातात टाळ, पायात पावली, मुखात नाम, कान मृदंगाकडं. मन चारी ठिकाणी बांधलेलं असतं, भटकायला त्याला रान उरत नाही. ते भटकलं तरी त्याच्यावर चिडू नये. बांधावरून गेलेलं गुरू वळवतो तसं वळवून आणावं.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माऊलींनी ध्यान सांगितलं, तिथंच खाणं, झोपणं, चालणं, बोलणं बेतात ठेवायलाही सांगितलं. उपाशी आणि जागरणानं पिळलेल्या अंगाकडून मनाला थारा मिळत नाही.

आता महत्त्वाचं. सगळंच भ्या खोटं नसतं. भुईला भेग पडली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, झाडं कलली, डोंगरातून आवाज आला, तर डोळे मिटून बसायचं नाही. पोरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन निघायचं, शेजाऱ्याला हाक मारायची. दरडीखाली नाम घेत बसणं ही भक्ती नव्हे, माऊली. हा देह विठ्ठलाची ठेव आहे. मन शांत असलं की खरं भ्या कुठलं आणि आठवणीतलं कुठलं, हे निवडता येतं. तेवढ्यासाठीच हा अभ्यास.

आणि काहींचं दुःख टाळ-मृदंगानं हलत नाही. ज्यांनी घरातली माणसं ढिगाऱ्यातून काढलेली पाहिली, त्यांना 'देवावर सोड' एवढंच म्हणू नका. जवळ बसा, त्यांचं ऐका. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर डॉक्टरकडं सोबत जा. 14416 हा सरकारचा टेली मानस नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. पायाला फोड आला की दिंडीत आपण मलम लावतो, त्याची लाज धरत नाही. मनाच्या फोडाची तरी का धरावी?

दिंडीत पुढचा थांबतो, मागच्याला सोबत घेतो, मगच विसाव्याला पोचतो. येत्या पावसाळ्यात वाडीतही असंच चालू या. ज्याच्या घरात रात्री दिवा जळतोय, त्याच्या ओटीवर जाऊन विचारा, 'माऊली, झोप नाही का लागत?'

रामकृष्णहरी!