शेतांतील साग आणि सरकारी परवाना

शहरांतील सुस्थित घरीं सागवानी दार, पलंग किंवा कपाट असतेंच. पाहुणे सुताराच्या हाताची स्तुति करतात, लांकडाच्या रेघांची तारीफ करतात. पण तें लांकूड जंगलांतून आलें कीं एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावरून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सरकारास मात्र तो विचारावा लागतो व त्याचें उत्तर कागदावर मागावें लागतें. त्या कागदाचें नांव वाहतुकीचा परवाना. वृक्षसंवर्धनास सरकारनें उत्तेजन कसें द्यावें आणि त्यावर निर्बंध किती ठेवावे, या दोन्ही गोष्टींचा विचार त्या कागदापासूनच सुरू करणें सोयीचें आहे.

वर्धा जिल्ह्यांतील सेलू तालुका या विचारास योग्य स्थळ होय. नागपूर-वर्धा रस्त्यावरील या तालुक्यांत बोर नदीच्या वरच्या अंगास साग, तेंदू व बांबू यांचें पानगळीचें जंगल आहे. १९७० सालीं तें अभयारण्य झालें व २०१४ सालीं व्याघ्र प्रकल्प ठरलें. त्याच तालुक्यांत खालीं काळ्या जमिनीवर कापूस, तूर, सोयाबीन पिकतें, आणि शेताच्या बांधावर, तिकडच्या भाषेंत धुऱ्यावर, सागाची झाडें उभीं असतात. एकाच जातीचें झाड हद्दीच्या अलीकडे शेतकऱ्याचें आणि पलीकडे सरकारचें! उभें असतांना त्याचा धनी ओळखतां येतो. तोडून गाडींत घातलें म्हणजे ओंडक्यावर धन्याचें नांव कोठेंच लिहिलेलें नसतें. परवान्याची सारी गुंतागुंत या साध्या गोष्टींतून निघाली आहे.

हिंदुस्थानांत वनखातें १८६४ सालीं स्थापन झालें, तेव्हां आगगाडीच्या रुळांखालीं घालावयाच्या लांकडाची सरकारास फार निकड होती. साहजिकच कायद्याची दृष्टि मालकाची राहिली. १९२७ चा वन-कायदा अजून चालू आहे. इमारती लांकूड, कोळसा, कात, मोहाचीं फुलें इत्यादि जिन्नस जंगलांतून आणलेले असोत वा नसोत, ते वनोपजच होत, असें तो म्हणतो. कलम ४१ प्रमाणें त्यांच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे. आणि कलम ६९ प्रमाणें मालकीचा वाद उत्पन्न झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, माल सरकारचाच समजावयाचा. म्हणजे चोरी झाली हें सरकारनें दाखवावयाचें नाहीं. आपण चोर नाहीं हें शेतकऱ्यानें दाखवावयाचें.

त्यांत १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याची भर पडली. साग, मोह, आंबा, चिंच, फणस, खैर, चंदन, हिरडा अशीं झाडें स्वतःच्या जमिनींतील असलीं तरी वृक्ष-अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. अर्ज, सातबाराचा उतारा, नकाशा, जागेची पाहणी, झाडांची मोजदाद, परवानगी. मग तोड, ओंडक्यांवर हातोड्याची खूण, आणि शेवटीं परवाना. यांतील प्रत्येक पायरीस कारण आहे. पण प्रत्येक पायरीस एक खेपही आहे. सागाचें झाड हें कोरडवाहू शेतकऱ्याची पेढी असते. मुलीच्या लग्नास किंवा मुलाच्या शिक्षणास पैसा लागला म्हणजे तो पंचवीस-तीस वर्षें जपलेल्या झाडाकडे पाहतो. लग्नाची तिथि कचेरीच्या सवडीची वाट पाहत नाहीं. मग तो उभें झाड व्यापाऱ्यास देऊन टाकतो. कागदाचा त्रास व्यापारी घेतो आणि त्या त्रासाची किंमत झाडाच्या भावांतून कापून घेतो. ज्यानें झाड वाढविलें त्याच्या पदरीं अर्धवट मोल पडतें, आणि पुढील पावसाळ्यांत नवें रोप लावण्याची त्याची उमेद मावळते.

तर मग परवानाच रद्द करावा काय? तसें म्हणणें सोपें आहे, पण शहाणपणाचें नाहीं. सेलूसारख्या ठिकाणीं, जेथें शेत आणि राखीव जंगल एकमेकांस खेटून आहेत, तेथें कागद नाहींसा झाला तर जंगलांतील साग शेतांतील म्हणून खपावयास वेळ लागणार नाहीं. १९९६ सालीं गोदावर्मन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले व पुढें नव्या आरागिरण्यांवरही लगाम बसविला, तो अशाच भीतीमुळें. चोराची वाट अडविणें हें परवान्याचें काम योग्यच आहे. दोष आहे तो इतकाच कीं, चोर व लावणारा या दोघांसही तो एकाच नजरेनें पाहतो.

आतां सरकारचा दुसरा हात पाहावा. महाराष्ट्रांत १९८२ पासून सामाजिक वनीकरणाचें खातें आहे. २०१४ सालीं केंद्र सरकारनें कृषि-वानिकीचें राष्ट्रीय धोरण जाहीर केलें आणि तोड व वाहतूक यांचे जाचक नियम सैल करण्याची गरज त्यांत मान्य केली. रोपवाटिका निघाल्या, अनुदानें निघालीं. पण एका खिडकींतून रोप द्यावें आणि दुसऱ्या खिडकींतून त्याच रोपाच्या झाडाविषयीं संशय घ्यावा, हें फार दिवस चालत नाहीं.

ही अडचण सुटूं शकते हें बांबूनें दाखविलें आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणें बांबू गवताच्या कुळांतला. पण १९२७ च्या कायद्यानें त्यास वृक्ष ठरविलें होतें. २०१७ सालीं दुरुस्ती होऊन वृक्षाच्या व्याख्येंतून बांबू हा शब्द वगळला गेला, आणि शेतांतील बांबू या बंधनांतून मोकळा झाला. जंगलांतील बांबूस कायदा पूर्वीप्रमाणेंच लागू राहिला. पुढच्याच वर्षीं राष्ट्रीय बांबू मिशनची नव्यानें उभारणी झाली. पैसा व मोकळीक हीं दोन्ही बरोबर आलीं, तेव्हांच मानवेल किंवा कटांग लावणाऱ्यास तो विकतां येईल असा भरंवसा वाटूं लागला.

जंगलांतील बांबूच्या बाबतींतही विश्वासाचें एक उदाहरण विदर्भांतच आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याच्या परवान्यावांचून तो हक्क अपुराच होता. २७ एप्रिल २०११ रोजीं परवान्यांचें पुस्तकच ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. कागद राहिला, पण त्यावर सही करणारा हात बदलला.

सेलूच्या सागास हा धडा कसा लागू पडतो? साग बांबूप्रमाणें व्याख्येंतून वगळतां येणार नाहीं, कारण जंगलांतील खरें धन तोच आहे. पण झाड तोडतांना जो पुरावा मागितला जातो तो झाड लावतांनाच तयार करून ठेवतां येतो. २०२१ पासून महाराष्ट्रांत शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीनें करूं लागला आहे. बांधावरील झाडें नोंदविण्याची सोय तींत आहे. डिसेंबर २०२३ मध्यें वाहतुकीच्या परवान्याची एकच पद्धति देशभर लागू करण्याचा उपक्रमही सुरू झाला. रोपास अनुदान देतांनाच त्याची नोंद व्हावी, ती वर्षानुवर्षें पुढें चालावी, आणि पंचवीस वर्षांनीं तीच नोंद परवान्यास पुरेशी मानावी, एवढी सांगड घातली तर दोन्ही खिडक्या एकमेकींस ओळखूं लागतील. वनरक्षकाची नजरही मग नोंद नसलेल्या ओंडक्यावर मोकळेपणीं राहील.

सेलूपासून जवळच, वर्ध्यास, जे. सी. कुमारप्पा यांनीं १९३४ पासून ग्रामोद्योगांचें काम केलें. वनांची व्यवस्था महसुलावर नव्हे, तर लोकांच्या गरजांवर दृष्टि ठेवून व्हावी, असें त्यांचें मत होतें. आज महसुलाच्या जागीं पहाऱ्याची चिंता आली आहे, आणि ती खरीही आहे. तथापि जंगलाचें खरें रक्षण पहाऱ्याइतकेंच शेतांतील झाडांवर अवलंबून आहे; कारण बाजारास लागणारें लांकूड धुऱ्यावरून मिळालें नाहीं, तर तें बोरच्या जंगलांतूनच येणार. धुऱ्यावर रोप लावणाऱ्यास तें आपण सुखानें विकूं शकूं अशी खात्री वाटणें, हाच त्या जंगलाचा सर्वांत स्वस्त पहारा होय.