उघड्या घरातला बंद डबा



साहित्याच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टराने सॉफ्टवेअरवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. पण विषय आपल्या परिचयाचाच आहे, संहितेचा आहे. शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण नकला करता करता पाठ बिघडले होते. यापुढे कोणी पदरची ओवी त्यात घालू नये, असेही त्यांनी बजावून ठेवले. मूळ कोणते, हाती आलेली प्रत त्याच्याशी जुळते का, मध्ये कोणी काय घातले, हे त्यांच्यापुढचे प्रश्न होते. संगणकवाल्यांपुढे आज तेच आहेत.

संगणकाचा प्रोग्राम माणूस वाचता येईल अशा अक्षरांत लिहितो. तो सोर्स कोड. यंत्र चालवते ते त्याचे रूपांतर, म्हणजे बायनरी. ते उघडून पाहिले तर नुसती निरर्थक चिन्हे दिसतात. ओपन सोर्समध्ये मूळ लिखाण सर्वांना खुले असते आणि ‘कोणीही तपासून घ्यावे’ हेच त्याच्यावरील विश्वासाचे कारण. जगातले बहुतेक सर्व्हर अशा सॉफ्टवेअरवर चालतात. मात्र या उघड्या घरातही काही डबे बंद असतात.

एक्सझेड नावाचे एक साधन आहे. फाईल दाबून लहान करायची आणि पुन्हा उलगडायची, एवढेच त्याचे काम. लिनक्सच्या बहुतेक सगळ्या प्रकारांत ते असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची ५.६.० ही आवृत्ती आली, मार्चमध्ये ५.६.१. दोन्हींत चोरदरवाजा होता. दूरवरून सर्व्हरमध्ये शिरण्याची जी वाट असते, ती ज्याच्याकडे ठरावीक गुप्त किल्ली आहे त्याला विनापासवर्ड उघडी व्हावी, अशी ती योजना होती.

सोर्स कोड उघडा असताना हे लपवले कुठे? चाचणीच्या फायलींत. फाईल उलगडणाऱ्या साधनाची परीक्षा घ्यायची तर चांगल्या फायलींबरोबर मुद्दाम बिघडवलेल्या फायलीही लागतात, कारण बिघडलेली फाईल आली तरी साधन कोलमडू नये. तेव्हा अशा बायनरी फायली तिथे असणे रीतसरच होते. त्यांच्यासोबतच्या टिपणात पूर्वीपासून लिहिलेले होते की, यांतल्या पुष्कळ फायली हाताने घडवल्या आहेत, म्हणून त्या फायलींहून निराळे असे त्यांचे मूळ नाही. ते खरेही होते. त्याच रांगेत दोन नव्या फायली येऊन बसल्या. एकीच्या नावातच ती ‘वाईट’ आणि ‘बिघडलेली’ असल्याचे लिहिले होते. ज्या बाटलीवर ‘खराब माल’ अशी चिठ्ठी आहे, ती उघडून चाखायला कोण जातो?

आमच्या धंद्यात हे रोजचे आहे. माझ्या कपाटातल्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या काढल्या तर सगळ्या पांढऱ्या गोळ्या सारख्याच. कोणत्या बाटलीत औषध घातले आहे आणि कोणत्या गोळ्या नुसत्याच गोड, हे डोळ्यांनी मलाही सांगता येणार नाही. सगळी भिस्त चिठ्ठीवर आणि ती लावणाऱ्यावर. आमच्यातले पुष्कळजण रुग्णाला औषधाचे नाव सांगत नाहीत. मला ही रीत पटत नाही, म्हणून मी कागदावर लिहून देतो. त्याने गोळीच्या आतले दिसत नाही, पण दुसऱ्या कोणाला विचारता तरी येते.

त्या दोन फायली नुसत्या पडून राहिल्या असत्या तर काही बिघडले नसते. त्यांच्यातला मजकूर बाहेर काढून प्रोग्राममध्ये मिसळणारी ओळ हवी होती. ही ओळ सर्वांना दिसणाऱ्या सार्वजनिक भांडारात नव्हती. वितरणासाठी गठ्ठा बांधतात, फक्त त्यात होती. म्हणजे हस्तलिखित स्वच्छ, आणि छापखान्यातून आलेल्या प्रतीत एक ओवी जास्त. ज्यांनी मूळ वाचले त्यांना काही सापडले नसते, आणि ज्यांनी प्रत घेतली त्यांनी ती मुळाशी ताडली नाही.

हे करणारा ‘जिया टॅन’ या नावाने वावरत होता. २०२१ पासून तो लहानसहान दुरुस्त्या पाठवत होता. एक्सझेड सांभाळणारे लासे कॉलिन हे फिनलंडचे गृहस्थ बिनपगारी, आपल्या वेळात हे काम करत. २०२२ मध्ये काही जण पत्रांतून त्यांच्या मागे लागले: काम संथ आहे, दुसऱ्याला सोपवा. त्यांतले एक नाव जिगर कुमार, आपल्याकडचे वाटावे असे. ही माणसे मुळात नव्हतीच, असा दाट संशय आहे. कॉलिन यांनी आपल्या मनःस्वास्थ्याची अडचण मोकळेपणाने कळवली होती. ते वाचूनही तगादा चालूच राहिला, याचा मला चोरदरवाजापेक्षा अधिक राग येतो. हळूहळू अधिकार जिया टॅनकडे गेले. मंडळे चालवणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. थकलेल्या चिटणिसाला मदतीचा हात पुढे करणाऱ्याचे नावगाव कोण विचारतो!

पकडले कसे? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता वेगाची मोजमापे घेत होते. सर्व्हरमध्ये शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांना खटकले. ते खोदत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळे जाहीर केले. तोवर दोषी आवृत्ती डेबियन, फेडोरा यांच्या चाचणीच्या शाखांत पोचली होती, सर्वसामान्यांच्या स्थिर आवृत्त्यांत नव्हती. त्यांना हा तपास करता आला, कारण बाकी सगळे उघडे होते. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या माणसाला तो अर्धा सेकंद जाणवला असता, पण मुळापर्यंत जाता आले नसते.

मग बायनरी फायलींवर बंदीच का घालू नये? ते जमणार नाही. चित्रे, अक्षरांचे फॉन्ट, चाचणीचे नमुने लागतातच. मागणी एवढीच करता येते की, डबा बंद असला तरी आतला पदार्थ कसा केला याची कृती सोबत द्या. चाचणीची फाईल वाचता येणाऱ्या सूचनांवरून जागच्या जागी तयार करता आली, तर ती आयती ठेवण्याचे कारण उरत नाही. तयार प्रोग्रामचेही तसेच. डेबियनची मंडळी बरीच वर्षे या खटपटीत आहेत की, एकाच मुळावरून दोन निरनिराळ्या माणसांनी स्वतंत्रपणे प्रोग्राम बांधला, तर निघणाऱ्या प्रती अगदी बिट न् बिट सारख्या याव्यात. त्या जुळल्या नाहीत तर कुठेतरी ओवी घुसली आहे.

यातही एक मेख आहे. केन टॉम्पसन यांनी १९८४ मध्ये छापलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ती दाखवून दिली. सोर्स कोडचे बायनरीत रूपांतर करणारा प्रोग्रामसुद्धा एक बायनरीच असतो. तोच लबाड असेल तर मूळ कितीही तपासा, उपयोग नाही. ग्विक्स या प्रकल्पाने २०२३ मध्ये याची साखळी मागे नेत नेत अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापर्यंत आणली. त्या बीजापासून पुढचे सगळे सोर्स कोडवरून पायरीपायरीने बांधले जाते. आपल्या लिपीतले एक चिन्ह संगणकात सहसा तीन बाइट घेते. त्या हिशेबाने ३५७ बाइट म्हणजे जेमतेम दोन ओव्या. एक माणूस बसल्या बैठकीला त्या पुऱ्या तपासू शकतो. मात्र हे बांधकाम चालवायला आजही एक मोठी तयार बायनरी सोबत घ्यावी लागते, आणि तिची फोड करण्याचे काम अजून व्हायचे आहे.